लाल पट्ट्याची अकरा कुत्री

ता. ११ जुलै १९३८, खांडबारा

आज चौमासी चौदस, चातुर्मासाची सुरुवात, घरात सगळ्यांचा उपवास. दुपारी सामायिकाला, दोन घडीच्या ध्यानाला, बसले होते, तेवढ्यात गल्लीत दवंडी आली. पलीकडच्या गावात पिसाळलेलं कुत्रं दोघांना चावलं आणि त्यातला एक गेला. तालुक्याचा हुकूम असा की, शुक्रवारपासून ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल ते मारलं जाईल. ज्याचं कुत्रं असेल त्याने पट्टा बांधावा, चावडीवर नोंद करावी आणि तीन महिने कुत्रं बांधून ठेवावं.

सासूबाईंची माळ हातात तशीच राहिली. आमच्या दुकानामागे वखार आहे. तिच्या अंगणात रोज सकाळी अकरा कुत्री येतात. त्यांच्या पोळ्या सासूबाई स्वतः भाजतात, गेली वीस वर्षं. पण त्यातलं आमचं म्हणावं असं एकही नाही.

"बीनणी, यांना कोण पट्टा बांधणार?" एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. मला त्या नेहमी बीनणी, म्हणजे सूनबाई, म्हणतात. लग्नाला दोन वर्षं झाली, नावाने हाक अजून नाही.

(त्या मारवाडीत बोलतात. मी शहाद्याला मराठी शाळेत पाचवीपर्यंत शिकले, माझ्या माहेरी किंवा सासरी शिकलेली बाई मी पहिलीच. म्हणून मराठीत उतरवून घेते. घरात ही वही वाचू शकतील असे फक्त हे, आणि हे माझ्या वहीला हात लावत नाहीत.)

ता. १२ जुलै

मला सुचलं! पहाटे दळण काढताना सुचलं. पट्टा आपणच बांधायचा, अकराही कुत्र्यांना.

चामडं तर घरात येणार नाही. दुकानात वह्यांच्या बांधणीचा लाल खारवा होता, तो दुहेरी करून आत खाटेची नवार घालून शिवला. दुपारपर्यंत अकरा पट्टे झाले. सासूबाईंनी एकेकाला पोळीचा तुकडा दाखवून जवळ घेतलं आणि मी बांधले. सगळी माझ्याही हाताला येतात हे मला आजच कळलं.

मग चावडीसाठी यादी लिहिली. कुत्र्यांना नावं नव्हती, मी दिली. काबरा, भुरी, लांड्या अशी. मालक, शेठ भंवरलाल. (हे नाव लिहिताना हात अडखळला, पण यादीत 'हे' लिहून कसं चालेल?) शेवटचा रकाना होता, बांधून ठेवता काय?

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बांधायचं नाही. श्रावकाच्या पहिल्या व्रतात मुक्या जीवाला बांधणं हा अतिचार आहे, दोष आहे."

"मग 'नाही' लिहू?"

"'नाही' लिहिलंस तर मारतील ना ग."

मी 'होय' लिहिलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शिकलेली सून कामाची निघाली," असं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात दिवसभराचे दोष आठवताना तो 'होय' आठवला. पण किती लहान शब्द आहे, आणि जीव अकरा आहेत.

ता. १५ जुलै

हे यादी घेऊन चावडीवर गेले, तेव्हा ती पाहून गावचे चुडामण पाटील म्हणाले म्हणे, "शेठ, अकरा कुत्रा? दुकान राखतस का आख्खं गाव?" चावडीवर सगळे हसले. मग पाटलांनी बजावलं, "पट्टा बांधा म्हंजे कुत्रं तुम्हनं. आजारी पडनं, भायेरनं कुत्रं त्याले चावनं, तं माले सांगनं. कोनले चावनं तं बोट तुम्हनाकडे." यांनी मान हलवून सही केली.

आज सकाळपासून बाजारतळाकडून बंदुकीचे आवाज येत होते. आम्ही दारं लावून घेतली. सासूबाई नवकार मंत्र मोठ्याने म्हणत होत्या. आपली अकरा मात्र वखारीत सावलीला पडून होती.

ता. १९ जुलै

धनूबाई दूध घेऊन आली. रेल्वेच्या रुळापलीकडे तिचं शेत आहे. रोज येते, बोलते खूप. या गावात माझ्याशी हसून बोलणारी ती एकटीच. कुत्र्यांकडे बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शेठाणी, तुम्ही तं कुत्रासनं लगीन लायी दिधं! लाल लाल पट्टा, नवरदेवच दिखतस."

मी पदराआड हसले. तिच्या हातात आज काठी नव्हती. रोज असते, म्हणून विचारलं.

"काठी कशाले पाहिजे आते? पट्टा शे ना. तुम्हना घरना कुत्रा, यासना काय भ्याव?"

तिला सांगावंसं वाटलं की हे पट्टे नुसते शिवलेले आहेत. पण हसण्यावारी गेलेलं बोलणं परत कसं आणायचं ते मला जमत नाही.

ता. २४ जुलै

वखारीच्या फाटकाकडून एक परकं कुत्रं धावत आलं, सरळ, मान खाली घालून. कुणी हाकललं तरी वळलं नाही. वखारीत शिरून आपल्यांवर तुटून पडलं आणि आलं तसं निघून गेलं. काबऱ्याचा कान फाटला, भुरीच्या मागच्या पायाला आणि लांड्याच्या मानेला दात लागले. बाकीची पळाली होती.

मी यांना म्हटलं, "पाटलांना सांगायचं ठरलं होतं ना?"

"कुत्री भांडतातच. सांगितलं तर तिघांना उद्याच मारतील. मग आई जेवायची नाही."

मी तिघांना कडुनिंबाचं तेल लावलं. लावताना फार पुण्य केल्यासारखं वाटलं. ते वाटणंही इथे लिहून ठेवते.

ता. २ ऑगस्ट

जखमा भरल्या. तिघंही पोळी खातात. मी उगीच घाबरते असं हे म्हणतात, आणि ते खरं आहे. चुलीतला निखारा विझला का ते मी तीनदा बघते.

ता. १७ ऑगस्ट

काबऱ्याला बरं नाही. कालपासून पोळीला तोंड लावत नाही. बैलगाडीखाली अंधारात पडून राहतो. आवाज बसलाय, भुंकतो ते घोगरं येतं. तोंडातून लाळ गळते आणि सारखा गिळायला बघतो, जसं घशात काही अडकलंय.

मला वाटलं, हाड असणार. बाजाराच्या दिवशी कुणी टाकलं असेल. बराच वेळ तिथेच उभी राहिले. हाडाला हात लागला तर? पण जीव तडफडतोय आणि मी माझ्या सोवळ्याचं बघतेय, याचीही लाज वाटली. शेवटी एका हाताने जबडा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं आत घातली. काही नव्हतं. त्याने मान झटकली तेव्हा तर्जनीच्या मुळाशी दात घासला, थोडं रक्त आलं.

हळद लावली. डोक्यावरून आंघोळ केली, लुगडं बदललं, मग सामायिक केलं. हाड लागलं नाही, म्हणजे दोष लागला नसावा. तरी आलोयणा, म्हणजे दोषांचं प्रायश्चित्त, घेताना साध्वी महासतीजींना विचारीन.

ता. १८ ऑगस्ट

काबरा धनूबाईला चावला.

ती दुधाची चरवी खाली ठेवत होती. तो गाडीखालून निघाला, न भुंकता. तिने पाहिलं होतं. पळून जायला वेळ होता. पण ती उभी राहिली आणि हसत म्हणाली, "अरे काब्र्या, मी शे ना!" मग पोटरीला चावला. तीन दातांच्या खुणा खोल आहेत. दूध सगळं अंगणात.

हे धावत आले. काबऱ्याला वखारीच्या खोलीत कोंडून कडी घातली. धनूबाईने स्वतःच आमच्याकडून मिरचीची पूड मागून जखमेत भरली. तोंडातून आवाज काढला नाही.

दुपारी पाटील दुकानावर आले. मी दाराआड होते.

"शेठ, कुत्रं बरं शे का?"

"बरं आहे. बाईचा पाय शेपटीवर पडला."

"बांधेल शे?"

"बांधलेलं आहे."

पाटलांनी वखारीच्या बाजूला एकदा बघितलं. मग म्हणाले, "तुम्हनं कुत्रं शे, तुम्ही सांगतस तं खरं," आणि गेले.

ता. १९ ऑगस्ट

धनूबाई लंगडत आली, तरी दूध घेऊन आली. हिलालने, तिच्या नवऱ्याने, तिला भगताकडे नेऊन दोरा बांधून आणलाय. सगळे तिला सांगताहेत की, धुळ्याला जा, पोटात सुया घेतात. पण पेरणीनंतरची कामं पडलीत आणि चौदा दिवस तिथे राहायचं. म्हणून तिने मला विचारलं. यांना नाही, सासूबाईंना नाही, मला.

"शेठाणी, तू शिकेल शे. खरं सांग. कुत्रं बरं शे ना?"

वखारीच्या खोलीतून तेव्हा दार खरवडल्याचा आवाज येत होता. सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या.

मी म्हटलं, "हो."

"मंग बरं. तू सांगं म्हंजे आते माले भ्याव नही."

सासूबाई मागे होत्या म्हणून म्हटलं, असं लिहिणार होते. पण त्या नसत्या तर मी दुसरं काही म्हटलं असतं का, ते मला माहीत नाही.

ता. २० ऑगस्ट

काबरा सकाळी मेला. शेवटी मागचे पाय ओढत होता.

यांनी वखारीमागे खड्डा काढून मीठ घालून पुरला. त्याआधी गळ्यातला पट्टा कापून काढला आणि चुलीत टाकला. खारवा ओला होता, फार वेळ जळत नव्हता. मी स्वयंपाक थांबवून बसले.

यांना म्हटलं, "धनूबाईला सांगायला हवं."

"पर्युषण होऊ दे. जखम भरतेय तिची."

सासूबाई म्हणाल्या, "तू सांगशील, आणि पाटील दहाही जीव मारील. पर्युषणाच्या तोंडावर दहा जीव! ते कुणाच्या तोंडून मेले म्हणायचे, बीनणी? तुझ्याच ना?"

दहा आणि एक असा हिशेब करायचा नसतो हे कळतं. पण माझ्या डोक्यात तो होतच राहिला. आणि लाज अशी की, त्या 'बीनणी' म्हणताना आवाज कडक झाला याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ता. २१ ऑगस्ट

शाळेचं आरोग्याचं पुस्तक माझ्या पेटीत आहे. त्यात पान आहे. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवसांच्या आत मरतं. चावल्यावर जितक्या लवकर टोचून घ्याल तितकं बरं. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की उपाय नाही. हे पान मी अकराव्या वर्षी पाठ म्हणून दाखवलं होतं. बाईंनी शाबासकी दिली होती.

सासूबाई सामायिकाला बसल्या, हे दुकानात. मी पदर पुढे ओढला आणि मागच्या दाराने निघाले. या गावात एकटी बाहेर पडले ती आज पहिल्यांदा. रूळ ओलांडून धनूबाईच्या शेतावर गेले.

धनूबाई ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ काढत होती. हिलाल इळ्याला धार लावत होता. मी उभ्यानेच सांगितलं. काबरा मेला. तो आमचा नव्हता. एकही आमचं नाही. बांधलेलं कधीच नव्हतं. परकं कुत्रं चावलं ते लपवलं. पट्टे मी शिवले. यादी मी लिहिली. मी 'हो' म्हटलं ते खोटं होतं.

हिलाल उठला. इळा हातात होता, तो त्याने खाली ठेवला, ते मी पाहिलं.

"तुम्ही कुत्राले जीव म्हंतस," तो म्हणाला. "आम्हले काय म्हंतस?"

धनूबाई बराच वेळ देठ काढत राहिली. मग म्हणाली, "तू त्या दिन हो सांगं. मी घर यीसन पोटभर जेवनू."

मला रडू आलं. तिने वर पाहिलं आणि तिची नजर माझ्या हातावर थांबली.

"तुन्हा बोटले काय व्हयनं?"

मी सांगितलं, हाड अडकलं वाटलं म्हणून हात घातला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कधळ?"

"तुला चावायच्या आदल्या दिवशी."

"आनि तू आठे माले सांगाले उनी?" धनूबाई म्हणाली. "येडी पोर! तूबी चाल मन्हा संगे."

मला खरंच सुचलं नव्हतं. रोज ते बोट मला दिसत होतं. आता लिहून ठेवायला हवं ते हे, की बोटाचं कळलं त्या क्षणी मी जितकी घाबरले, तितकी धनूबाईसाठी या तीन दिवसांत एकदाही घाबरले नव्हते.

घरी येऊन यांना सांगितलं. धनूबाईकडे जाऊन आले हे ऐकून यांचा चेहरा उतरला. बोटाचं सांगितलं तेव्हा हातातलं वजन खाली पडलं. अंगरखाही न घालता पाटलांकडे गेले आणि सगळं कबूल करून आले. उद्याच्या गाडीने निघायचं. यांना माझ्याबद्दल इतकं वाटतं हे कळलं आणि सुख झालं. लगेच कळलं की हे तिच्या पोटरीसाठी गेले नाहीत, माझ्या बोटासाठी गेले.

ता. २३ ऑगस्ट, धुळे

नरडाण्यापर्यंत आगगाडी, पुढे सर्व्हिस मोटर. धनूबाईला मोटर लागली. मी तिचं डोकं धरलं, तिने धरू दिलं. हिलाल आणि हे समोरासमोर बसले होते, वाटेत एक शब्द नाही. फक्त एकदा पाण्याचा तांब्या हिलालने पुढे केला आणि यांनी घेतला.

सरकारी दवाखान्यात आज पहिली सुई. बेंबीच्या बाजूला, लांब सुई. डॉक्टरांनी जखम कधीची विचारलं. "पाच दिवस," मी म्हटलं. "इतके दिवस काय करत होतात?" मी काही बोलण्याआधी धनूबाई म्हणाली, "निंदनी चालू व्हती, डाक्टरसाहेब."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला ते नको होतं, आणि मी ते दुरुस्तही केलं नाही.

ता. २६ ऑगस्ट

धर्मशाळेच्या एका खोलीत आम्ही दोघी, पडवीत ते दोघं. पोट इतकं दुखतं की वाकून केर काढता येत नाही. धनूबाई म्हणते, "देख, दोन्हीसले एकदम दिवस गयात. लोक काय म्हनतीन?" आणि हसताना पोट धरते.

पाणी पिताना मी तिच्याकडे चोरून बघते. घोट नीट उतरतो का. आज तिने पकडलं. तांब्या तोंडाला लावून घटाघटा सगळं पाणी प्यायली आणि रिकामा तांब्या माझ्यासमोर उलटा धरला. मग म्हणाली, "आते तू पी. मीबी देखस."

ता. ३० ऑगस्ट

आज संवत्सरी. इथल्या जैन स्थानकात जाऊन आले. तिथल्या बायकांना, ज्यांना मी ओळखतही नाही, हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हटलं आणि त्यांनीही म्हटलं. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. सगळ्या चटकन म्हणून मोकळ्या होतात.

खोलीवर येऊन धनूबाईसमोर हात जोडले. तेच शब्द म्हटले. तिने अर्थ विचारला, मी सांगितला.

"कळत नकळत?" ती म्हणाली. "तुले तं कळत व्हतं."

मी हात जोडूनच बसले.

"माफ करसू का नही, ते मी आते सांगाव नही," ती म्हणाली. "मी वाचनू तं सांगसू. नही वाचनू तं मन्ह्या पोरीसले इचारजो." तिच्या दोन मुली आजीकडे आहेत. मग तिने पाठ फिरवली. थोड्या वेळाने, तशीच पाठमोरी, "कंदीलनी वात खाले कर, डोळासवर येस," म्हणाली.

आजचा माझा उपवास निर्जळी होता. तिला ते कळल्यावर तिने माझ्या उद्याच्या पारण्यासाठी मूग भिजत घातले. हे क्षमेत धरायचं का, ते मला समजत नाही. बहुधा धरू नये.

ता. ५ सप्टेंबर

चौदावी सुई झाली. डॉक्टर म्हणाले, पायाची जखम आहे, औषध वेळेत मिळालं म्हणायला हरकत नाही, आशा बरीच आहे. पण हमी देत नाही, तीन-चार महिने जाऊ द्या. माझ्या बोटाला नुसतं खरचटलंय, जास्त काळजी नको म्हणाले. धनूबाईला काळजी आणि मला कमी, हे ऐकून मला तिथे उभं राहवेना.

निघताना त्यांनी यांना विचारलं, "त्या कुत्र्याने आणखी कुणाला, कुठल्या कुत्र्याला चावा घेतलाय का? किंवा त्याला ज्याने चावलं त्याने?" हे माझ्याकडे बघू लागले. तेल मी लावलं होतं.

ता. ६ सप्टेंबर, खांडबारा

पाटील आमची वाटच बघत होते. मागचे पंधरा दिवस त्यांनी कुत्र्यांना हात लावला नव्हता, कारण कुठल्यांना चावा बसलाय आणि कुठल्यांना नाही हे सासूबाईंनी सांगितलं नाही. "माझ्यासाठी सगळी सारखी," एवढंच म्हणत राहिल्या. दहाही मोकळी होती. पाटलांच्या माणसांना बघून पांगायची, पोळीच्या वेळेला यायची. पंधरा दिवस गल्लीतली पोरं घरात कोंडून होती.

पाटलांनी सांगितलं, "ज्याले चावनं ते मरी. बाकीना तीन महिना साखळीमा. नही तं दहाच्या दहा."

मी दोन नावं सांगितली. भुरी आणि लांड्या. पदराआडून, पण मीच सांगितली.

सासूबाई आत गेल्या. दुपारी आठ कुत्र्यांना मी वखारीत बांधलं, गळ्यात दोर, दोराला खुंटी. प्रत्येकाने मान ओढून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. व्रतातला अतिचार आठ वेळा केला. पाण्याची आठ मडकी वेगवेगळी ठेवली. आजपासून ही खरंच आमची, म्हणजे माझी. कुणाच्या तोंडाला लाळ आली तर त्याच दिवशी पाटलांकडे जायचं, हे मी यांच्याकडून कबूल करून घेतलं. गल्लीतल्या बायकांनाही सांगितलं, की लाल पट्टा बघून जवळ जाऊ नका, पोरांना जाऊ देऊ नका. "मंग पट्टा कशाले बांधा व्हता?" तुळशीबाईने विचारलं. कासाराची ही तुळशीबाई कुणाचीच भीड ठेवत नाही. मी सांगितलं, तुम्हाला फसवायला.

भुरी आणि लांड्या बांधायच्या वेळी निसटली. उद्या सकाळी.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

ता. ७ सप्टेंबर

पाटील बंदूक घेऊन वखारीच्या भिंतीआड उभे राहिले. त्यांच्या माणसाच्या हाकेला ती दोघं येत नव्हती. हे म्हणाले, मी बोलावतो. यांना येत नाहीत, मला माहीत होतं. सासूबाईंच्या किंवा माझ्या हाकेलाच येतात.

सासूबाईंना पोळ्या मागायची हिंमत झाली नाही. मीच पीठ मळलं, दोन पोळ्या भाजल्या. आतल्या खोलीतून नवकार ऐकू येत होता, मोठ्याने, न थांबता. बाजारतळावर कुत्री मारली त्या दिवशीसारखाच.

अंगणात गेले. बाहेरच्या पुरुषांसमोर मी कधी मोठ्याने बोललेले नाही. पाटलांनी माझा मोकळा आवाज ऐकला तो आज, आणि तो कुत्र्यांना बोलावताना. लांड्या लगेच आला. मी पोळी खाली ठेवली आणि पाटलांनी सांगितलं होतं तशी मागे सरले. फार मोठा आवाज झाला. बांधलेली आठही एकदम भुंकायला लागली.

भुरी फाटकापाशी उभी होती. आवाजाने ती मागे हटली होती, पण गेली नव्हती. मी हाक मारली. ती आली नाही.

पाटील भिंतीआडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, शेठाणी. आज घाबरनी ती. उद्या देखूत."

एक दिवस मिळत होता. उद्या कदाचित ती या गावात नसती, दुसऱ्या कुठल्या तरी वाटेवर असती, आणि तिच्या गळ्यात मी शिवलेला पट्टा बघून तिथलीही एखादी बाई हसत उभी राहिली असती.

मी पुन्हा हाक मारली. रोजच्यासारखी, आवाज जराही न बदलता. ते मला जमलं.

ती आली. हे गाळलं तर ते आणखी एक खोटं होईल, म्हणून लिहिते. ती शेपूट हलवत आली.